दीक्षित, सोळा-आठ, कीटो आणि दर दोन तासांनी: एका ओट्यावर चार डाएट

ओगराळं | सोमवार, रात्री १०.४०

आमच्या घरात सध्या माणसं पाच आणि डाएट चार आहेत. सासरे (वय ७२, मधुमेह, गोळ्या चालू) तळजाई टेकडीवरच्या फिरायच्या ग्रुपमुळे दीक्षितांच्या 'दिवसातून दोनदाच जेवण' वर गेलेत. नवऱ्याच्या बाणेरच्या ऑफिसात सगळे सोळा-आठ करतात म्हणून हाही दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खातो. मुलगा जिमवाला, त्याचं कीटो, म्हणजे भात-पोळी जवळजवळ बंद आणि स्निग्ध भरपूर. मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी थोडंथोडं खाते, निदान बँकेत काउंटरवर बसून जमेल तेवढं. सासूबाई कुठल्याच डाएटवर नाहीत, पण त्यांचे उपास आहेत आणि आता श्रावण लागलाय.

ओट्यावर काय चाललंय ते सांगते. सकाळी मुलासाठी पनीर बटरवर परतायचं आणि फ्लॉवर किसून त्याचा 'भात' करायचा. खरा भात कुकरमध्ये आहेच, कारण सासऱ्यांच्या ११ च्या जेवणात तो लागतो. त्याआधी त्यांना वाटीभर कोशिंबीर आणि मोड आलेले मूग. नवऱ्याच्या डब्यात भात नको, पोळ्या दोनच. रात्री मात्र हा पावणेआठला दारातून आत येतानाच "वाढ लवकर, आठ वाजतील" म्हणतो आणि मग पंधरा मिनिटांत चार पोळ्या आणि भातसुद्धा. सासूबाईंची भगर वेगळ्या पातेल्यात, कारण कांदालसणाचा डाव त्यात चालत नाही. कणीक किती मळायची हे मला रोज प्रत्येकाला विचारून ठरवावं लागतं.

प्रश्न दोन. यातलं खरंच कशानं वजन उतरतं आणि शुगर आटोक्यात येते? आणि एका स्वयंपाकात हे सगळं बसवता येतं का? व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड कृपया नकोत, ते सासऱ्यांकडून मिळतात.

नारायणपेठी | सोमवार, रात्री १०.५२

ज्याचं डाएट त्यानंच शिजवायचं, असा नियम करा. पुढच्या सोमवारपर्यंत चारही डाएटं एक झालेली असतील.

तळजाईकर | मंगळवार, सकाळी ७.१५

नमस्कार ताई. तुमचे सासरे बहुधा आमच्याच ग्रुपातले असावेत, नाव विचारत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत इथे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, म्हणून नीट सांगतो. मूळ कल्पना कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांची. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी जेवायचं आणि जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. कारण असं देतात की आपण तोंडात काहीही टाकलं की इन्शुलिन स्रवतं, आणि ते वारंवार स्रवत राहिलं की साठलेली चरबी वापरली जात नाही.

माझं पोट गेलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आणि यात विकत घ्यायला काही नाही. पावडर नाही, शेक नाही, महिन्याचं पॅकेज नाही. पेन्शनीत बसणारं दुसरं डाएट मला तरी माहीत नाही.

गोळीवैद्य | मंगळवार, सकाळी ९.३०

मी डॉक्टर आहे, जनरल प्रॅक्टिस. डाएटची तुलना नंतर करू. ओगराळंताई, आधी हे बघा की सासऱ्यांना नेमक्या कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि ते त्या किती वाजता घेतात.

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर जेवण चुकल्यावर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातली गोळी असेल तर ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याची ती वाट बघत नाही. इन्शुलिनचं इंजेक्शन असेल तर तेच. माझ्याकडे येणारी गडबड साधारण अशी असते: गोळी वर्षानुवर्षं सकाळी ८ ला नाश्त्याआधी ठरलेली. नाश्ता बंद होतो, गोळी चालू राहते, शिवाय मधे टेकडी चढून येतात.

साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, धडधड, खूप भूक. वयस्कर माणसांत कधी यातलं काहीच नसतं, नुसतं असंबद्ध बोलणं किंवा चिडचिड. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना.

तळजाईकर, हा दीक्षितांवरचा आक्षेप नाही. कुठल्याही डाएटला, अगदी एकादशीलासुद्धा हेच लागू आहे.

ओगराळं | मंगळवार, सकाळी ९.५८

पाकीट बघितलं. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. घेतात सकाळी ८ लाच. गेल्या आठवड्यात फिरून आल्यावर घामानं शर्ट भिजला होता, बाहेर पाऊस आणि थंड हवा. सासूबाई पित्त म्हणाल्या, आलेपाक दिला, आणि पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं.

गोळीवैद्य | मंगळवार, सकाळी १०.०५

आलेपाकात साखर असते. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण डोस आणि वेळ आज ठरवून घ्या. तोवर सकाळी गोळी घेतलीच तर लगेच खायला द्या. फिरायला जाताना खिशात साखरेच्या पुड्या हव्यात. ग्लुकोमीटर नसेल तर आणा.

तळजाईकर | मंगळवार, सकाळी १०.२०

डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. मधुमेह्यांनी आधी तपासण्या करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करावं, असं व्याख्यानातही सांगतात. ग्रुपमध्ये ऐकीव माहितीवर सुरू करणारेच जास्त, हे खरं. उद्या सकाळी बाकावर विषय काढतो.

तुपकट | मंगळवार, दुपारी १.१०

आता माझ्या बाजूनं. दिवेकरांचं म्हणणं लोक 'तूप खा, भात खा' एवढंच लक्षात ठेवतात, आणि तेवढंच सोयीचं असतं. त्या सांगतात ते असं: आपल्या भागात पिकतं ते, त्या त्या ऋतूत, आजी करायची तसं. उठल्यावर चहाआधी केळं किंवा भिजवलेले बदाम, मग नाश्ता, आणि पुढे दर दोन तासांनी थोडंसं. 'थोडंसं' म्हणजे मूठभर दाणे. वडापाव नव्हे.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भीती गेली. आधी भाताकडे बघितलं तरी अपराधी वाटायचं. दिवसभर उपाशी राहून रात्री फरसाणाच्या डब्यात हात घालणारी मी एकटीच नसेन. तो हात चार वाजताच्या दाण्यांनी थांबला.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९.४५

पुरावा मागितलात म्हणून तीन प्रयोग. लांबण लागेल, ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खाली सरकावं.

पहिला प्रागचा, २०१४. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण. प्रत्येकानं १२ आठवडे दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खाल्लं आणि १२ आठवडे फक्त दोनदा. दोन्ही वेळा उष्मांक सारखेच, म्हणजे गरजेपेक्षा ५०० नं कमी. सहादा खाताना सरासरी २.३ किलो उतरले, दोनदा खाताना ३.७. तेव्हा तळजाईकरांचं म्हणणं अगदीच हवेत नाही. गंमत पुढे आहे. त्या लोकांची दोन जेवणं म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. रात्री जेवणच नाही. पुण्यात 'दोन वेळा' म्हटलं की दुसरी वेळ मालिका बघत साडेनऊला येते.

दुसरा चीनमधल्या ग्वांगझूचा, २०२२. लठ्ठ असलेले १३९ लोक, वर्षभर. सगळ्यांना उष्मांक मोजून. त्यातल्या निम्म्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वेळ पाळणाऱ्यांचं ८ किलो उतरलं, न पाळणाऱ्यांचं ६.३. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या हिशेबात तो योगायोगाच्या पलीकडे जात नाही. घड्याळापेक्षा ताटाचा वाटा मोठा निघाला. ताईंच्या यजमानांनी यातला '८' तेवढा उचललाय, ताट मोजणं राहिलंय.

तिसरा स्टॅनफर्डचा, २०१८. ६०९ लोक, १२ महिने, निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी कर्बोदकं. एका गटाचं सरासरी ५.३ किलो, दुसऱ्याचं ६. हाही फरक न धरण्यासारखा. त्याहून बोलका तपशील असा की दोन्ही गटांत काहींचं वीस-वीस किलोंनी उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा शक्य तेवढा कमी, पाकिटातलं टाळा, घरी शिजवा.

तुपकटताई, वारंवार खाल्ल्यानं चयापचय वाढतं असं जे म्हणतात त्याला आधार सापडत नाही. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा एकूण खाण्यावर ठरते, ते किती हप्त्यांत खाल्लं यावर नाही. पण चारला दाणे खाल्ल्यामुळे रात्रीचं फरसाण सुटत असेल तर त्याचा फायदा खरा आहे, कारण फरसाण खरं होतं.

तुपकट | मंगळवार, रात्री १०.०२

शेवटचं वाक्य फ्रिजवर लावते. पण तुमचे तिन्ही प्रयोग परदेशातले आहेत, तिथे चकली नसते.

प्रोटीनपांडू | मंगळवार, रात्री ११.३०

कीटोला कोणीच वाली नाही का इथे? भावांनो, पहिल्या आठवड्यात दोन किलो. दोन! कुठलं दुसरं डाएट देतं? भूक पण लागत नाही. ओगराळं काकू, तुमच्या मुलाला सपोर्ट करा.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८.१०

पांडुशेठ, त्या दोन किलोंतलं बरंचसं पाणी असतं. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून कर्बोदकांचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की साठा संपतो, पाणी जातं, काटा खूश. एका लग्नाचं जेवण जेवलात की तेच पाणी परत.

कीटो मुळात वजनासाठी आलेलंच नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांसाठी ते सुरू झालं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या फिट्ससाठी अजूनही वापरतात. तिथे आहारतज्ज्ञ ग्रॅमग्रॅम मोजतात, तपासण्या होतात. दिवसाला कर्बोदकं २० ते ५० ग्रॅम. एका मध्यम भाकरीत तीसेक ग्रॅम जातात, म्हणजे भाकरी खाल्ली की डाळीला, फळाला, दुधाला जागाच उरत नाही. शाकाहारी घरात मग उरतं काय? पनीर, बटर, चीज. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्यानं चांगलंच वाढतं, तेव्हा रक्त तपासून घ्या.

गोळीवैद्य | बुधवार, सकाळी ८.४०

पुरवणी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची गोळी चालू असेल तर कीटो अजिबात नको. त्यात रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो आणि साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे लक्षात उशिरा येतं. नातवाचं बघून आजोबा सुरू करतात, म्हणून लिहिलं. गरोदर बायका, मूत्रपिंडाचा आजार असलेले, पूर्वी खाण्याचे विकार झालेले, यांनी कुठलंच कडक डाएट मनानं करू नये.

बीपीवाली | बुधवार, सकाळी ११.००

माझा प्रश्न वजनाचा नाही, बीपीचा आहे. डॉक्टर 'डॅश' म्हणाले. कुणाला माहिती आहे?

आकडेमोड | बुधवार, दुपारी १२.१५

पुराव्याच्या बाबतीत ते सगळ्यांत भक्कम, आणि त्यावर रील कोणी करत नाही. १९९७ चा अमेरिकेतला प्रयोग. फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, दाणे-डाळी, आणि साखर-मांस कमी. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं उतरला, वजन आणि मीठ दोन्ही तेवढंच ठेवून. पुढच्या प्रयोगात मीठही कमी केलं तर आणखी उतरला. आपल्याकडे लोणचं, पापड, चटणी आणि ताकातलं मीठ यांपासून सुरुवात करा.

भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचंही असंच. स्पेनमधला मोठा प्रयोग २०१३ मध्ये छापला, त्यात त्रुटी निघाल्या, २०१८ मध्ये पुन्हा विश्लेषण करून छापला. हृदयविकार आणि पक्षाघात मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी. तो वजन उतरवण्याचा प्रयोग नव्हताच. त्यातल्या एका गटाला ऑलिव्ह तेल दिलं होतं, दुसऱ्याला रोज मूठभर सुकामेवा, दोघांनाही फायदा झाला. तेव्हा ऑलिव्ह तेल आणलंच पाहिजे असं नाही. शेंगदाणा तेल आणि मूठभर दाणे घरात असतातच.

सडपातळ | बुधवार, संध्याकाळी ६.५०

मी या धाग्यावर काय करतोय असं हँडल बघून वाटेल. उंचीच्या मानानं माझं वजन व्यवस्थित, हात-पाय काड्या, आणि तरी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पोट मात्र आहे, ढगळ शर्टात लपतं.

यावरचं मोठं काम आपल्या रास्ता पेठेतच झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या गावांत त्यांच्या चमूनं १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला, त्यात जन्मलेली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण चरबी जवळजवळ राखलेली, कमतरता स्नायूंची.

म्हणून भारतीयांसाठी जाडीची रेघ बीएमआय २५ ऐवजी २३ ला धरतात. कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. शिंप्याची टेप घ्या, बेंबीशी लावा. पोट आत न ओढता.

नारायणपेठी | बुधवार, संध्याकाळी ७.०५

पोट आत न ओढता हे घरात आरसा असताना शक्य नाही. ९४.

प्रोटीनपांडू | बुधवार, संध्याकाळी ७.२०

सडपातळ सर, म्हणजे आपल्याकडे मसल कमी हा मुद्दा आला ना! हे मी ओरडून सांगतोय. नुसतं चालून आणि उपाशी राहून वजन कमी कराल तर मसल पण जाणार. आजोबांनी पण वजन उचलायला हवं.

गोळीवैद्य | बुधवार, रात्री ८.००

पांडूशी पूर्ण सहमत. सत्तरीत झपाट्यानं वजन उतरवलं की मांड्या जातात, आणि मग माणूस न्हाणीघरात पडतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. आणि प्रथिनं. किलोमागे साधारण एक ग्रॅम धरा. किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारून. ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. आपलं पातळ वरण एक वाटी म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम, अंडं सहा, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. दिवसातून दोनदाच जेवणाऱ्याला ही बेरीज जमवणं जास्त अवघड जातं, हे दोन वेळावाल्यांनी लक्षात घ्यावं.

चाकवत | बुधवार, रात्री ९.३०

सगळं वाचलं. पुरुषमंडळींनी प्राग आणि चीन फिरून आणलं, पण त्या पोरीनं विचारलेला दुसरा प्रश्न तसाच राहिला. ओटा तिचा आहे.

ओगराळं, चार डाएटं शिजवायची नाहीत. स्वयंपाक एकच, वाढायचं वेगवेगळं. मी माझ्या घरात (आमच्याकडेही मधुमेह, बीपी आणि एक जिमवाली नात आहे) असं करते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये २००० उष्मांकांचं ताट दिलंय, ते मी किराणाच्या यादीत बसवलं. माणशी रोज भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५०, डाळी-कडधान्यं ८५, तेल-तूप मिळून २७, दूध-दही ३००, फळं १००, दाणे-बिया ३५. आता पाच माणसांचा गुणाकार कर. तेल-तूप महिन्याला चार किलो. तुझ्याकडे पाच लिटरचा डबा किती दिवसांत संपतो बघ. तूप-बटर त्यात धरलेलं आहे बरं, तुपकट! डाळी-कडधान्यं महिन्याला पावणेतेरा किलो. आपल्या घरांत त्याच्या निम्म्यानंही येत नाहीत. आणि भाजी रोज दोन किलो. दोन! आपण पाव किलो घेवड्यात बटाटा घालून पाच माणसांचं भागवतो आणि वर 'आम्ही शाकाहारी' म्हणतो. शाकाहारी कसले, आपण पोळीहारी.

तर आमच्याकडे सकाळी एक मोठी फळभाजी, दीड किलोची. दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, श्रावणात काय कमी आहे? फोडणीला तेल दोन पळ्या, वरून कढवणं नाही. एक उसळ घट्ट, मटकी, मूग, चवळी, मसूर फिरवून. ताक. कोशिंबीर दोन रंगांची. पोळी किंवा ज्वारीची भाकरी. भात कुकरमध्ये अर्ध्या डब्याचा. संपला तर संपला, पुन्हा लावायचा नाही.

मग वाढताना: तुझे सासरे दोन वाट्या भाजी, उसळ, एक भाकरी, भाताची मूद एक. नवरा तेच डब्यात. मुलगा भाजी, दुप्पट उसळ, दही, आणि अंडी त्याची त्यानं उकडायची. वीस वर्षांचा घोडा, गॅस पेटवता येतो. तुझा डबा दोन भागांत, म्हणजे अकराला उसळ-काकडी आणि दीडला जेवण. प्रत्येकानं आपलं घड्याळ सांभाळावं. तू कुणाच्या घड्याळावर ओट्याशी उभी राहायचं नाहीस.

रात्री सातला कुकर उतरायचा. मुगाची खिचडी आणि भरपूर भाज्या, किंवा पिठलं-भाकरी आणि अळूचं फदफदं. ज्याला ज्या वेळी हवं त्यानं वाढून घ्यावं.

तळजाईकर | बुधवार, रात्री ९.५५

पोळीहारी! हा शब्द मी उद्या टेकडीवर नेतो.

ओगराळं | बुधवार, रात्री १०.१५

चाकवतकाकू, पाच लिटरचा डबा वीस दिवसांत संपतो. शिवाय तूप वेगळं, मुलाचं बटर वेगळं. हे कधी मोजायचं डोक्यातच नव्हतं.

पण सासूबाईंचं काय? साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस. सोमवार, शनिवार, एकादशी. त्यांना बीपी आहे आणि वजनही.

चाकवत | बुधवार, रात्री १०.४०

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे काय आजचं आहे? साबुदाणा म्हणजे कंदाचा नुसता पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीत. वर कूट आणि तूप. उपास म्हणून हलका समजून आपण बशीभर खातो आणि संध्याकाळी उपास सोडताना गोडाचं.

सासूबाईंना 'खाऊ नका' म्हणू नकोस, भांडण होईल आणि उपास आणखी कडक होतील. पर्याय पुढे कर. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात काकडी किसून. भगर अर्धी वाटी आणि दाण्याची आमटी कमी कुटाची. दही, ताक, फळ, रताळं उकडलेलं. उपासाची भाजी म्हणून भेंडी चालते का ते विचार, काही घरांत चालते. मीठ कमी. आणि बीपीची गोळी उपासाला बंद नाही, हे देवासमोर त्यांच्याकडून कबूल करून घे.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ८.३०

चाकवतकाकूंच्या हिशेबात चहा राहिला. चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना जमलं तर २५ च्या आत राहा म्हणते. दोन वेळा जेवणारे, सोळा-आठवाले, कीटोवाले या सगळ्यांचं वजन उतरण्यात या चहाचा आणि त्याबरोबरच्या खारी-बिस्किटांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक डाएट ती बंद करतं आणि श्रेय स्वतःच्या सिद्धांताला घेतं.

तळजाईकर | गुरुवार, सकाळी १०.००

श्रेय कुणाचंही असो, पण 'दोन वेळा' म्हटल्याशिवाय माझी खारी सुटली नसती. वर्षानुवर्षं 'कमी खा' ऐकत होतो. 'किती' हा प्रश्न मला झेपत नाही, 'केव्हा' झेपतो. तुम्ही आकडेवाले ही गोष्ट मोजत नाही.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी १०.२०

हे मान्य. स्टॅनफर्डच्या दोन्ही गटांत कुणाचं वीस किलो उतरलं आणि कुणाचं वाढलं, त्यातला बराच फरक तुम्ही म्हणता तसाच असणार: कुणाला कुठला नियम पाळता येतो.

ओगराळं | शनिवार, रात्री ९.२०

थोडं सांगते. सासऱ्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि आधीची त्या वेळेला नकोच होती म्हणाले. दोन वेळा जेवायला परवानगी दिली, पण ११ ऐवजी ९.३० आणि संध्याकाळी ६.३०. सासरे खूश, कारण 'डॉक्टरपण दीक्षितच म्हणतात' असा त्यांनी अर्थ काढलाय. मुलानं अंडी उकडली, पातेलं घासलं नाही. कीटो सोडायला तयार नाही, पण रक्त तपासायला तयार झाला. नवऱ्याला आकडेमोड यांनी मंगळवारी लिहिलेलं ताट मोजण्याचं दाखवलं, तो म्हणाला बघू.

मी स्वतः ज्वारी सुरू केली. दोन प्रश्न: ग्लुकोमीटरवर कधी कधी मोजायचं? आणि भाकरी थापताना कडेनं चिरते, तुटते. पीठ गिरणीतून एकदम पाच किलो आणलंय.

गोळीवैद्य | शनिवार, रात्री ९.५०

नवीन गोळीचे पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी, संध्याकाळच्या जेवणाआधी, आणि फिरून आल्यावर बरं वाटत नसेल तेव्हा लगेच. वहीत लिहा, वेळेसकट. एचबीए१सी तीन महिन्यांनी. त्याआधी केली तर आधीच्या महिन्यांची साखरच त्यात दिसेल. वजन आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त वेगानं उतरायला लागलं तर कळवा. फार भराभर उतरवलं की पित्ताशयात खडेही होतात.

चाकवत | शनिवार, रात्री १०.१०

पाच किलो? आठवड्यापुरतंच दळून आणायचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळ, कडा फाटणारच. आत्ता जे आहे त्याला उकळीचं पाणी घाल, झाकून ठेव, कोमट झालं की तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडून मळ. उरलेल्या पिठाची धिरडी कर, त्यात मेथी नाहीतर पालक चिरून. पुढच्या वेळी मालदांडी ज्वारी घे आणि गिरणीवाल्याला बारीक दळायला सांग.